सातव्या नौकेचं झाकण

स्टुडिओत त्या दुपारी दोन अंतराळयानं शेजारी शेजारी उभी होती, एक पुठ्ठ्याचं आणि एक लोखंडाचं.

पुठ्ठ्याचं यान ‘ध्रुवापार’ या मालिकेतलं. त्याची अर्धीच बाजू शिल्लक होती आणि तीही मागून लाकडाचे टेकू देऊन कशीबशी उभी केलेली. लोखंडाचं यान ‘सातवी नौका’मधलं. ते मात्र अख्खं होतं. पाण्याच्या मोठ्या टाकीएवढं, बाजूला एक छोटी काच, आत जायला गोल भोक, त्यावर जाडजूड झाकण आणि झाकणावर फिरवायचं चाक. टीव्ही बघायला शेजाऱ्यांच्या घरी जावं लागायचं त्या काळात या दोन मालिका लागायच्या, आणि दोन्हींत भारी कोणती यावरून तेव्हा घराघरात वाद व्हायचे. वाहिनीने आता त्या वादावरच एक कार्यक्रम करायचं ठरवलं होतं. तो भाचीच्या वाट्याला आला होता. तिचा पहिलाच मोठा कार्यक्रम.

भाची म्हणजे कप्तानबाईंची भाची. ‘सातवी नौका’त कप्तान झालेल्या नटीला लोक अजूनही कप्तानबाईच म्हणत. भाजीवाला म्हणे, दातांचे डॉक्टरही म्हणत. भाचीची आई लवकर गेली आणि मुलगी मावशीकडेच लहानाची मोठी झाली. त्यामुळे कार्यक्रमाला कोणाला बोलवायचं हा प्रश्न निम्मा घरातच सुटला होता. दुसऱ्या बाजूने ‘ध्रुवापार’चा कप्तान येणार होता. त्याचा आवाज असा, की तो कुजबुजला तरी तिसऱ्या खोलीत कळे. त्याला सगळे नगारा म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई.

एक गोष्ट भाचीला माहीत नव्हती. कोणालाच माहीत नव्हती. कप्तानबाईंना बंद जागेची भयंकर भीती वाटायची.

ती भीती त्यांना याच लोखंडी यानाने लावली होती. ‘सातवी नौका’च्या दिग्दर्शकाला सगळं खरं हवं असायचं. यानाची एक भिंत काढून समोर कॅमेरा लावायचा, ही तेव्हाची रीत त्याला मान्य नव्हती. त्याने लोखंडी पत्र्याचा बंद डबा बनवून घेतला, काचेतून चित्रीकरण केलं आणि नट मंडळींना आत कोंबून बाहेरून झाकण लावलं. पहिल्या दिवशी झाकण बसलं तसं कप्तानबाईंचं अंग लाकडासारखं झालं. तोंडातून शब्द फुटेना, पापणी लवेना. बाहेरून दिग्दर्शक म्हणाला, “वा. हाच चेहरा मला हवा होता.” मग मालिका संपेपर्यंत तोच चेहरा चालला. वर्तमानपत्रांनी त्याला संयत अभिनय म्हटलं. लोकांनी आपल्या मुलींना सांगितलं, बघ, संकटात बाईने कसं शांत राहावं ते. एवढं कौतुक झाल्यावर खरं सांगायची सोयच उरली नाही. कप्तानबाई चार मजले जिना चढून घरी जात आणि गुडघ्यांना व्यायाम होतो म्हणून सांगत.

“मावशी, तुला आत जायचंच नाहीये,” भाचीने घरीच सांगितलं होतं. “शेजारी उभी राहा, हात लाव, दोन आठवणी सांग. झाकण उघडंच ठेवणार आहोत.”

“बरं,” कप्तानबाई म्हणाल्या होत्या. त्या जेवल्या मात्र नव्हत्या नीट.

कार्यक्रम छान सुरू झाला. दोघं खुर्च्यांवर समोरासमोर बसली आणि नगाऱ्याने पहिल्या वाक्यापासून मैदान ताब्यात घेतलं.

“आमचं यान म्हणजे काय, टीव्हीच्या खोक्यांचा पुठ्ठा,” तो म्हणाला. “कप्तानाची खुर्ची न्हाव्याकडून आणलेली. यान हललं असं दाखवायचं असलं की कॅमेरावाला कॅमेरा हलवायचा आणि आम्ही सगळे डावीकडे पडायचो. एक शहाणा हमखास उजवीकडे पडायचा. पण लोक रडायचे हो आमचे भाग बघून. का? तर आमच्या लेखकाला माणसं कळायची. परग्रहावरचा प्राणी आणला तरी तो कोणाचा तरी थोरला भाऊ वाटायचा.”

“आमच्याकडे उलटं होतं,” कप्तानबाई म्हणाल्या. “बटण दाबलं की खरा दिवा लागायचा. बाहेरचे तारे काळ्या कापडाला भोकं पाडून केलेले नव्हते, त्यासाठी वेगळा माणूस होता, तो काचेवर रंगवायचा. बोलायला मात्र काही नसायचं. अख्ख्या भागात माझी तीन वाक्यं. त्यातलं एक ‘दिशा बदला’.”

“आणि ते काय म्हणायच्या,” नगारा म्हणाला. “मी आमच्या लेखकाला म्हणायचो, अरे आपण तासभर बडबडतो आणि ती बाई दोन शब्दांत सगळं घेऊन जाते.”

सगळे हसले. भाचीला बरं वाटलं. तेवढ्यात कार्यक्रमप्रमुख पुढे आला. तो वाहिनीतला तिचा वरिष्ठ. अंगावर नेहमी इस्त्रीचा शर्ट, आणि दुसऱ्याचं काम शेवटच्या क्षणी बदलायची हौस.

“दोघांना आत बसवू,” तो म्हणाला. “पुठ्ठ्याच्या यानाचा कप्तान लोखंडी यानात. याहून चांगली तुलना कोणती? आत दोन छोटे कॅमेरे बसवलेलेच आहेत. दोन मिनिटं झाकण लावू.”

“ते ठरलं नव्हतं,” भाची म्हणाली.

“ठरवलं की ठरतं. काय कप्तानबाई?”

सगळे त्यांच्याकडे बघत होते. भाचीही बघत होती. मावशी नाही म्हणाली तर कार्यक्रम पडेल असं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, पण कप्तानबाईंना ते तिथे दिसलं. “बसू की,” त्या म्हणाल्या.

त्या वाकून आत शिरल्या. मागून नगारा शिरला, पोट सावरत. आत दोन बाकं, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जागा आणि ताज्या रंगाचा वास. कार्यक्रमासाठी डबा नव्याने रंगवला होता. झाकणाच्या कडेला नवं रबर बसवलं होतं. जुन्या काळी आत हवेसाठी छोटा पंखा असे. तो आवाज करतो म्हणून ध्वनिमुद्रकाने काढायला लावला होता आणि त्या भोकावर पत्रा ठोकला होता.

झाकण बसलं. चाक फिरल्याचा आवाज झाला.

“मेलो,” नगारा मजेत ओरडला. “वाचवा हो, या बाईने मला पळवून नेलं.” बाहेर हशा पिकला असणार. आत मात्र काही ऐकू आलं नाही. आतून बाहेर आवाज जायचा तो कॉलरला लावलेल्या माइकवरून. बाहेरून आत यायला काही सोयच केलेली नव्हती.

कप्तानबाई समोरच्या काचेकडे बघत बसल्या. जुनी ओळख असल्यासारखी भीती पायांतून वर आली, गुडघ्यांत, मग पोटात. दोन मिनिटं, त्या मनात म्हणत होत्या. दोनच मिनिटं. दोन मिनिटं होऊन गेली. मग आणखी काही गेली. बाहेरच्या मोठ्या दिव्यांनी पत्रा तापला होता आणि पाठीला चटका बसत होता.

“बास झालं, उघडा आता,” नगारा म्हणाला. त्याने आतलं चाक फिरवलं. चाक गरगर फिरलं, झाकण जागचं हललं नाही. त्याने खांदा लावला. पुन्हा लावला. मग तो मागे टेकला आणि रुमालाने मान पुसू लागला.

“रंगाने धरलंय बहुतेक,” तो हळू म्हणाला. “तापून रबर फुगलं असेल. येतील, उघडतील.”

नगाऱ्याने कप्तानबाईंकडे बघितलं. चेहरा तोच होता, हजारो घरांनी पाहिलेला, शांत. मग त्याचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. त्यांनी बाकाची कड अशी धरली होती की नखं पांढरी पडली होती. त्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. बर्फासारखा गार होता.

“अच्छा,” नगारा म्हणाला. “असं आहे होय.”

सगळा वेळ असंच होतं का, हे त्याने विचारलं नाही. त्याला आयुष्यात एकच गोष्ट येत होती, ती त्याने केली. तो बोलायला लागला.

“आमचा एक भाग लिहून झाला होता, पण कधी केलाच नाही,” तो म्हणाला. “ऐका. यान चाललंय. चहूकडे काळोख. आणि मधेच, ना ग्रह ना तारा, नुसतं एक दार उभं आहे. भिंत नाही, घर नाही. चौकट आणि दार. यानावरचे सगळे शहाणे जमतात. कोणी म्हणतं उडवून टाका, कोणी म्हणतं मागे फिरा. दार उघडायला कोणी तयार नाही. शेवटी यानावरचा आचारी उठतो. तो म्हणतो, अहो दार आहे, आधी वाजवून तर बघू…”

बाहेर सगळे मॉनिटरभोवती जमले होते. कॅमेरावाल्यांनी कॅमेरे सोडले नव्हते, पण डोळे मॉनिटरवर होते. ध्वनिमुद्रकाने आवाज मोठा केला. काय आवाज होता तो. आणि समोर बसलेल्या कप्तानबाई, पापणीही न हलवता ऐकताहेत.

“कोणी हलू नका,” कार्यक्रमप्रमुख म्हणाला. “दोन मिनिटांचं सोडा. चालू दे.”

“ते झाकण उघडा म्हणाले मगाशी,” दिवेवाला म्हणाला.

“मगाशी ते मेलो पण म्हणाले होते. खेळतायत. अशी माणसं परत मिळणार नाहीत.”

भाचीनेही ऐकलं होतं. तिलाही तो खेळ वाटला होता. ती हनुवटीखाली हात घेऊन बघत होती आणि तिला अभिमान वाटत होता, मावशीचा आणि थोडा स्वतःचाही. त्या दारामागे कोण असेल, हे तिलाही जाणून घ्यायचं होतं.

आत नगाऱ्याचा आवाज बसत चालला होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि फवारा बाहेर कोटाच्या खिशात राहिला होता. एकेका वाक्यानंतर तो थांबायचा. मॉनिटरवर ते थांबणं फार परिणामकारक वाटत होतं. आचारी हात उचलतो. थांबणं. दारावर टकटक करतो. लांब थांबणं. कप्तानबाईंना त्या थांबण्यांमधली शीळ ऐकू येत होती. त्यांना वाटलं, हा बोलता बोलता इथेच बसल्या जागी जाईल आणि बाहेर लोक टाळ्या वाजवतील.

आपण काहीतरी म्हणायला हवं, हे त्यांना कळत होतं. वाक्य तयार होतं, पण ते बाहेर काढणं म्हणजे अंगावरचे कपडे उतरवण्यासारखं होतं. शेवटी त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं.

“मला भीती वाटतेय,” त्या म्हणाल्या.

आवाज अगदी साधा. चेहरा तसाच.

बाहेर कोणीतरी “आहा” म्हणालं. भाची मात्र उठून उभी राहिली. लहानपणापासून ती या बाईबरोबर राहिली होती. ताप चढला तेव्हा, आईची बातमी आली तेव्हा, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेताना, कधीही हे शब्द तिने मावशीच्या तोंडून ऐकले नव्हते. मालिकेतही नव्हते ते. मालिका तिला तोंडपाठ होती.

“ही मावशी नाही,” ती म्हणाली, आणि मग, “म्हणजे हा कप्तानबाईंचा अभिनय नाही. उघडा ते.”

“अगं दोन मिनिटं थांब—”

ती थांबली नाही. तिने झाकणाचं चाक धरलं. ते हातात गरगर फिरलं आणि झाकण तसंच राहिलं. तिने पुन्हा फिरवलं. पत्र्याला हात लागला तो भाजला.

“मोठे दिवे बंद करा,” ती म्हणाली. “सगळे. सुतारांना बोलवा.”

दिवे गेले तशी आत पूर्ण काळोख झाला. मॉनिटर काळा पडला. फक्त आवाज येत राहिला. भाचीने ध्वनिमुद्रकाच्या कानावरचे हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावले. एक शीळ होती, लांब, बारीक, आत ओढलेली. मग काहीच नाही. मग परत शीळ.

काळोख पडला तेव्हा कप्तानबाईंना वाटलं की आता आपण ओरडणार. ओरडायला तोंड उघडलंही. पण समोरून बोलणं बंद झालं होतं आणि एक हात त्यांची बाही चाचपत होता. इतका वेळ त्या आवाजाला धरून त्या बसल्या होत्या. आता त्या आवाजाच्या माणसाला धरायला काही नव्हतं.

“दार उघडतं,” कप्तानबाई म्हणाल्या.

आपण काय बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली तीन तीन वाक्यं बोललेली बाई. “दार उघडतं आणि आत एक बाई असते. ती… ती बादली शोधत असते.”

काळोखात काहीतरी खरखरलं. नगारा हसला होता किंवा खोकला होता.

“बादली?” तो कुजबुजला.

“हो. निळी. कडी तुटलेली. आचारी विचारतो, बाई, तुम्ही इथे काय करता? ती म्हणते, मी काय करणार, पाणी येऊन जाईल, मला बादली सापडत नाहीये. तुम्ही बोलू नका, फक्त श्वास घ्या. मी बोलते. मग आचारी म्हणतो, आमच्या यानावर आहे एक बादली. पण ती पुठ्ठ्याची आहे.”

“वाईट,” नगारा म्हणाला. “फार… वाईट लिहिलंय.”

“मला माहीत आहे. श्वास घ्या.”

भाची हे ऐकत होती. बाहेर सुतार झाकणाच्या फटीत पहार घालत होता आणि पहार घसरत होती. रंग निघत होता, पत्रा निघत नव्हता. “बिजागरी तोडा,” ती म्हणाली. दुसऱ्या माणसाने छिन्नी लावून हातोडा मारला. घाव पडले तसा हेडफोनमध्ये असा आवाज आला की तिने ते क्षणभर काढले. मग लगेच परत लावले. न ऐकण्याची तिला जास्त भीती वाटत होती. मावशी बोलत होती. बादली, पाणी, आचाऱ्याची बायको, काहीच्या बाही. मधेच आवाज चिरकायचा, मधेच ती एकच वाक्य दोनदा बोलायची. मधेच ती म्हणाली, “हात दाबा माझा. दाबा. अहो, दाबा की.” आणि थोडा वेळ काहीच आलं नाही.

भाचीने त्या वेळात सुताराच्या हातातली पहार घेतली आणि स्वतः लावली. त्याने ती हळूच परत घेतली, कारण तिला ती धरताच येत नव्हती.

“दाबलात,” हेडफोनमध्ये मावशी म्हणाली. “हं. असंच धरा.”

वरची बिजागरी तुटली, मग खालची. तिघांनी मिळून झाकण ओढलं तेव्हा आतून भट्टीतून यावी तशी हवा आली. नगाऱ्याचे ओठ निळे झाले होते. त्याला आधी बाहेर घेतलं, कोटातला फवारा तोंडाला लावला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जमिनीवर बसवून ठेवलं. मग कप्तानबाई आल्या. कोणाचाही हात न धरता बाहेर आल्या, दोन पावलं चालल्या आणि पुठ्ठ्याच्या यानाला टेकल्या. ते यान लगेच त्यांच्यासकट मागे गेलं. त्या खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या. स्टुडिओतल्या लोकांनी तिकडून नजर वळवली. कप्तानबाईंना रडताना बघायची कोणालाच सवय नव्हती.

नगाऱ्याला हॉस्पिटलात ठेवलं. तो वाचला. आवाज मात्र पूर्वीचा राहिला नाही. आता तो कुजबुजला की कुजबुजच ऐकू येई.

पुढच्या आठवड्यात कार्यक्रमप्रमुखाने मावशी-भाचीला संकलनाच्या खोलीत बोलावलं. आतल्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं सगळं त्याने लावून दाखवलं. “मी आधी माफी मागतो,” तो म्हणाला आणि त्याने ती मागितली. “पण हे बघा. एका बाजूला नुसती गोष्ट, दुसऱ्या बाजूला नुसता चेहरा. एवढी वर्षं लोक वाद घालतायत, त्याचं उत्तर आहे हे. आणि शेवटी तुम्ही गोष्ट पुढे नेता. हे दाखवायलाच हवं.”

कप्तानबाई पडद्याकडे बघत होत्या. तिथे एक वयस्कर बाई स्वस्थ बसली होती. भीतीचा मागमूस नव्हता. हे बघताना कप्तानबाई जितक्या घाबरल्या, तितक्या त्या डब्यातसुद्धा घाबरल्या नव्हत्या. ही बाई जळत्या घरात अशीच बसली असती, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या कोणाला ते कळलं नसतं.

“बाहेरचे कॅमेरेही चालू होते ना?” त्यांनी विचारलं.

“होते.”

“त्यातलं लाव.”

भाचीने लावलं. मॉनिटरभोवती जमलेली मंडळी दिसू लागली. कोणी गालाला हात लावलेला, कोणी हसरा. मधोमध इस्त्रीच्या शर्टातला कार्यक्रमप्रमुख, खूश. त्याच्या शेजारी भाची. कोपऱ्यात नगाऱ्याचा आवाज शीळ घालत होता, आणि ही सगळी माणसं ते ऐकत प्रसन्न चेहऱ्याने बघत होती. चित्र चालत राहिलं. चित्रात कोणीच झाकणाकडे जात नव्हतं.

“दाखवायचं तर हेही दाखवा,” कप्तानबाई म्हणाल्या. “शेजारी शेजारी. तुलनाच आहे ना?”

कार्यक्रमप्रमुखाने हात पुढे करून ते बंद केलं. कार्यक्रम ठरल्या दिवशी लागला. त्यात खुर्च्यांवरच्या गप्पा होत्या, जुन्या मालिकांचे तुकडे होते, तारे रंगवणाऱ्या माणसाची मुलाखत होती. लोकांना आवडला. वाद काही मिटला नाही.

मग एका सकाळी घरी भाची चहा गाळताना म्हणाली, “मला कळायला हवं होतं गं.”

“कसं कळणार? मी कळू दिलं असतं तर ना.”

“तरी.”

“आता सांगत जाईन,” मावशी म्हणाली. “कंटाळशील एवढं सांगेन. मला लिफ्टची भीती वाटते. बँकेच्या त्या काचेच्या खोलीची वाटते. न्हाणीघराची वाटते, कडी लावली की.”

“मग लावू नकोस कडी.”

“तू बाहेर बसशील?”

तेव्हापासून मावशी आंघोळीला गेली की भाची दाराबाहेर स्टुलावर बसते. दार लोटलेलं असतं. मावशी आतून काहीबाही बोलत असते, पाणी कोमट आहे, साबण संपत आलाय, शेजारीण काय म्हणाली. भाची फोन खाली ठेवून ऐकते. मधेच बोलणं थांबतं. नुसता पाण्याचा आवाज, मग तोही नाही.

“मावशी?”

काही येत नाही. भाचीचा हात दाराकडे जातो.

“अगं, तोंडाला साबण होता,” आतून आवाज येतो. “आहे मी.”

“बोलत राहा,” भाची म्हणते. तिचा हात अजून दारावरच असतो.